विचाराचे बीजगणित मांडणारा शाळामास्तर : जॉर्ज बूल

आपल्या मंडळाच्या सभासदयादीवरून नुसती नजर फिरविली तरी पन्नास वर्षांत केवढा पालट झाला आहे ते ध्यानात येते. मंडळ स्थापन झाले तेव्हा या गावी येणारा मराठी माणूस बहुधा रेल्वे, बँक, टपाल-तार किंवा लष्करी हिशेब यांपैकी कोणत्या तरी कचेरीत असे. आज त्याच घरांतील मुलेमुली संगणकासाठी आज्ञावल्या लिहितात. या मुलांच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा एक शब्द आहे : ‘बूलियन’. ज्या गोष्टीचे उत्तर केवळ ‘होय’ अथवा ‘नाही’ असेच असू शकते तिला ते बूलियन म्हणतात. हा शब्द एका माणसाच्या आडनावावरून आला, हे त्यांच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. परंतु तो माणूस कोण, कोठला, त्याने आयुष्य कसे काढले, हे सांगणारे मराठीत फारसे वाचावयास मिळत नाही. म्हणून स्मरणिकेच्या या पानांत त्या जॉर्ज बूल यांची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

आणखीही एक कारण आहे. माणसाने लिहिलेल्या आज्ञा संगणक जशाच्या तशा पाळीत नाही. मध्ये कंपायलर नावाचा एक दुभाष्या असतो. तो माणसाच्या लिखाणाचे यंत्राच्या भाषेत भाषांतर करतो आणि ते करता करता लांबण कमी करतो, दोन आज्ञांची एक करतो, निरर्थक आज्ञा गाळून टाकतो. अर्थ न बदलता वाक्य लहान करण्याची ही जी विद्या, तिचे कितीतरी मूळ नियम बूल यांनी सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहेत.

जॉर्ज बूल यांचा जन्म २ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडच्या पूर्व भागातील लिंकन या गावी झाला. वडील जॉन बूल जोडे बनविण्याचा व्यवसाय करीत. आईने लग्नापूर्वी मोठ्या घरी दासीची नोकरी केली होती. वडिलांचा जीव मात्र जोड्यांत नव्हता, दुर्बिणीत होता. भिंगे घासावी, उपकरणे तयार करावी, आकाश पाहावे, गणित सोडवावे आणि यातून वेळ उरला तर गिऱ्हाइकाकडे पाहावे, असा त्यांचा खाक्या. असा धंदा चालावा कसा? मुलाला मात्र या बापाकडून गणिताची गोडी आणि हाताने काम करण्याची सवय मिळाली. गावातल्या एका पुस्तकविक्रेत्याने त्याला लॅटिनचे प्राथमिक धडे दिले. ग्रीक तो आपला आपण शिकला आणि पुढे फ्रेंच व जर्मन भाषाही. चौदाव्या वर्षी त्याने एका ग्रीक कवितेचे केलेले भाषांतर वडिलांनी हौसेने स्थानिक वृत्तपत्रात छापवून आणले, तेव्हा एका शिक्षकाने इतक्या कोवळ्या मुलाच्या हातून हे होणे शक्य नाही, अशी जाहीर शंका घेतली.

जॉर्ज सोळा वर्षांचा झाला तोच वडिलांचा धंदा बसला. आईवडील आणि तीन धाकटी भावंडे यांचा भार या पोरसवदा मुलावर आला. विद्यापीठाचा विचारही मनात आणण्याची सोय उरली नाही. चाळीसएक मैलांवरील डॉनकास्टर येथे त्याने दुय्यम शिक्षकाची नोकरी धरली. ती फार दिवस टिकली नाही. शाळा कट्टर धार्मिक वळणाची होती आणि हा मास्तर रविवारीही गणिताची पुस्तके वाचतो, प्रार्थनामंदिरात बसून उदाहरणे सोडवितो, अशी तक्रार झाल्याचे सांगतात. गणिताकडे तो मुख्यतः वळला त्यामागचे कारणही गरिबाला शोभणारे होते. तुटपुंज्या पगारात पुस्तक घ्यावयाचे तर जे लवकर वाचून संपणार नाही असे घ्यावे. आणि गणिताचे पुस्तक पैशाच्या मानाने सर्वांत अधिक दिवस पुरते, असा त्याचा हिशेब होता. परगावी एकट्याने राहून मनिऑर्डरीनंतर उरलेल्या पैशांत महिना काढलेल्या आपल्या वडीलधाऱ्या सभासदांना या हिशेबातील मर्म वेगळे सांगावयास नको.

१८३४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी लिंकन येथे स्वतःची शाळा काढली. पुढील पंधरा वर्षे ते शाळामास्तर होते. दिवसा मुलांचे पाढे, रात्री लाग्रांज आणि लाप्लास. केंब्रिजमधून निघणाऱ्या एका गणितविषयक नियतकालिकाकडे त्यांनी लेख पाठविले. त्याचे तरुण संपादक डंकन ग्रेगरी यांनी हा अनोळखी मास्तर काय योग्यतेचा आहे हे ओळखले. केंब्रिजला येऊन रीतसर पदवी घ्यावी असाही विचार निघाला होता. परंतु शाळा बंद केली तर घर चालणार कसे? तो विचार तेथेच राहिला. १८४४ साली मात्र रॉयल सोसायटीने त्यांच्या एका प्रबंधाला सुवर्णपदक दिले. ज्याने विद्यापीठाची पायरी चढली नव्हती अशा माणसाला तिशीच्या आत मिळालेला हा मान होता.

त्या सुमारास एडिंबरोचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन आणि लंडनचे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्यात तर्कशास्त्रातील एका शोधाच्या श्रेयावरून कडाक्याचा वाद जुंपला होता. (हे डी मॉर्गन १८०६ साली आपल्याकडे मदुरेस जन्मले होते.) तो वाद वाचून बूल यांच्या मनातील एक जुना विचार जागा झाला आणि १८४७ साली त्यांनी तर्काचे गणिती विश्लेषण करणारी छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. १८४९ साली आयर्लंडमधील कॉर्क येथे नव्या क्वीन्स कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. अर्ज केल्यापासून नेमणुकीपर्यंत जवळजवळ तीन वर्षे गेली. तेवढ्यात वडील वारले होते. आईला लिंकनला ठेवून ते समुद्रापलीकडे गेले. आयर्लंड तेव्हा भीषण दुष्काळातून नुकते बाहेर पडत होते. परमुलुखात, परधर्मीयांच्या बहुसंख्येत, लिंकनच्या आठवणी काढीत या एकट्या माणसाने जो ग्रंथ सिद्ध केला तो १८५४ साली प्रसिद्ध झाला. विचाराचे नियम शोधणारा हाच तो ग्रंथ होय.

त्यात नवीन काय होते? ॲरिस्टॉटलपासून तर्कशास्त्र शब्दांत चालत आले होते. बूल यांनी शब्दांच्या जागी अक्षरे ठेवली. पांढऱ्या वस्तूंना एक अक्षर, मेंढरांना दुसरे. त्या दोहोंचा गुणाकार म्हणजे पांढरी मेंढरे. आधी पांढऱ्या वस्तू निवडून त्यांतून मेंढरे काढा, किंवा आधी मेंढरे निवडून त्यांतून पांढरी काढा, उत्तर एकच. येथवर हे नेहमीच्या गुणाकारासारखेच झाले. पण पांढऱ्या वस्तूंतून पुन्हा पांढऱ्या वस्तू निवडल्या तर? पहिल्याच राहतात. म्हणजे या बीजगणितात कोणत्याही अक्षराचा वर्ग हा त्या अक्षराइतकाच असला पाहिजे. साध्या अंकांत हा नियम पाळणारे अंक दोनच : ० आणि १. बूल यांनी ० म्हणजे काहीच नाही आणि १ म्हणजे सर्व काही असा अर्थ लावला. मग एखादी गोष्ट ‘नसणे’ म्हणजे १ मधून ती वजा करणे. एखादी गोष्ट एकाच वेळी असू आणि नसू शकत नाही, हा तत्त्वज्ञानातील थोर सिद्धान्त त्यांच्या हाती वर्गाच्या नियमातून दोन ओळींत सिद्ध झाला.

यातून व्यवहारात काय साधते ते आपल्याच घरच्या उदाहरणाने सांगतो. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला कार्यवाह स्वयंसेवकांना सूचना देतात : जो सभासद आहे आणि ज्याच्याजवळ कुपन आहे त्याला पंगतीत बसवा, तसेच जो सभासद आहे पण ज्याच्याजवळ कुपन नाही त्यालाही बसवा. सभासदाला ‘स’ म्हणू, कुपनवाल्याला ‘क’. बूल यांच्या रीतीने ही सूचना अशी होते : स × क + स × (१ − क). ‘स’ बाहेर काढला की कंसात क + १ − क, म्हणजे १ उरतो. आणि सबंध सूचनेचा ‘स’ होतो. सभासदांना बसवा, एवढेच. कुपन विचारण्याचे कारणच राहिले नाही. शहाणा स्वयंसेवक हे मनाने ओळखील. बूल यांचे म्हणणे असे की, ज्याला शहाणपण नाही त्यालाही ते ठरावीक नियमांनी, आकडेमोडीसारखे, चूक न करता काढता यावे. दोन अक्षरांऐवजी वीस असली तर शहाणा स्वयंसेवकही गोंधळेल. नियम गोंधळत नाही.

येथे एक बारकावा नोंदवून ठेवावयास हवा, कारण पुढे तो कामास येणार आहे. बूल यांच्या बेरजेला एक अट होती. दोन गटांची बेरीज करावयाची तर ते गट सर्वस्वी वेगळे असले पाहिजेत, त्यांच्यात सामाईक असे काही असता कामा नये. १८६३ साली विल्यम जेव्हन्स या तरुण तर्कशास्त्रज्ञाने त्यांना पत्रे लिहून आग्रह धरला की, ही अट काढून टाकावी आणि ‘स’ अधिक ‘स’ म्हणजे ‘स’ असे मानावे. बूल यांनी ते साफ नाकारले. पुढच्या पिढीने जेव्हन्स यांची बाजू घेतली, आणि आज पाठ्यपुस्तकांत बूल यांच्या नावाने जे बीजगणित शिकवितात त्यात जेव्हन्स यांचा नियम असतो.

१८५५ साली बूल यांचा विवाह मेरी एव्हरेस्ट हिच्याशी झाला. ती त्यांच्याहून सतरा वर्षांनी लहान. हे आडनाव वाचकांना ओळखीचे वाटेल. ज्या जॉर्ज एव्हरेस्ट यांचे नाव १८६५ साली हिमालयाच्या सर्वोच्च शिखराला दिले गेले त्यांची ती पुतणी. एव्हरेस्ट १८०६ साली हिंदुस्थानात आले व १८१८ साली त्रिकोणमितीय सर्वेक्षणात विल्यम लॅम्बटन यांचे साहाय्यक झाले. लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले आणि ते प्रचंड काम एव्हरेस्ट यांच्याकडे आले. मेरीबाईंनी १९०१ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. एव्हरेस्ट हिंदुस्थानातून तर्कविद्येचे संस्कार घेऊन परतले आणि त्यांच्यामार्फत ते बॅबेज, डी मॉर्गन व बूल यांच्यापर्यंत पोचले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आपल्याला हे ऐकून गुदगुल्या होतात हे खरे. तथापि त्याला बाईंच्या शब्दापलीकडे भक्कम आधार पुढे आलेला नाही आणि बूल यांचे बीजगणित त्यांच्या आधीच्या गणिती लेखनातून सरळ उगवलेले दिसते. तेव्हा उसने श्रेय आपण घेऊ नये असे आमचे मत आहे.

संसार सुखाचा होता. नऊ वर्षांत पाच मुली झाल्या. विकल समीकरणांवर व सांत अंतरांच्या कलनावर बूल यांनी याच काळात दोन पाठ्यग्रंथ लिहिले. १८५७ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. २४ नोव्हेंबर १८६४ रोजी बॅलिन्टेंपल येथील घरून ते कॉलेजला नेहमीप्रमाणे चालत निघाले. अंतर सुमारे तीन मैल आणि पाऊस मुसळधार. पोचले ते चिंब भिजून, आणि त्याच ओल्या कपड्यांत त्यांनी तास घेतला. तापाने अंथरूण धरले, फुप्फुसांना सूज आली आणि ८ डिसेंबरला, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, ते निवर्तले. पत्नीने केलेल्या थंड पाण्याच्या उपचारांची कथा पुष्कळ रंगवून सांगितली जाते. त्या काळी असे जलोपचार सर्रास चालत, एवढेच आम्ही म्हणू.

धाकटी मुलगी तेव्हा अवघी सहा महिन्यांची होती. बत्तीस वर्षांची विधवा, पाच लेकी आणि शिल्लक म्हणावी अशी नाही. मेरीबाई लंडनला गेल्या, एका महिला महाविद्यालयात ग्रंथपालाचे काम करू लागल्या आणि लहान मुलांना गणित कसे शिकवावे यावर पुढे त्यांनी नाव घेण्याजोगे लेखन केले. मुलींपैकी ॲलिशियाने रीतसर शिक्षण नसताना चार मितींच्या घनाकृतींचे छेद पुठ्ठ्याचे करून दाखविले व १९१४ साली हॉलंडमधील ग्रोनिंगन विद्यापीठाने तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. लुसी रसायनशास्त्रज्ञ झाली. धाकट्या एथेलची १८९७ सालची ‘गॅडफ्लाय’ ही कादंबरी पुढे रशियात आणि चीनमध्ये अफाट खपली.

बूल यांचे बीजगणित मात्र पाऊणशे वर्षे तर्कशास्त्रज्ञांच्या कपाटात राहिले. १९३७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने प्रबंधात दाखवून दिले की, विजेची बटणे या बीजगणिताप्रमाणे चालतात. एकापुढे एक जोडलेली दोन बटणे म्हणजे ‘आणि’, शेजारीशेजार जोडलेली म्हणजे ‘अथवा’. टेलिफोन केंद्रातील गुंतागुंतीचे मंडल कागदावर अक्षरांत मांडावे, बूल यांच्या नियमांनी लहान करावे आणि मग तितकीच बटणे बसवावी. खर्चच वाचला की!

यंत्र बांधताना जे चालले तेच पुढे यंत्राला आज्ञा देताना चालू लागले. १९५७ साली आय.बी.एम. कंपनीने फोरट्रान भाषेचा कंपायलर दिला तेव्हा यंत्राचा वेळ सोन्याच्या भावाचा होता. अनुभवी माणसाने हाताने लिहिलेल्या आज्ञांच्या तोडीचे भाषांतर झाले नाही तर कोणी तो वापरणार नाही, हे कर्त्यांना ठाऊक होते; म्हणून एकच आकडेमोड दोनदा आली तर ती एकदाच करावी, अशा युक्त्या त्यात घातल्या होत्या. १९६५ साली विल्यम मॅकीमन यांनी एक साधी रीत मांडली : तयार झालेल्या आज्ञांवरून एक लहानसा झरोका सरकवीत न्यावा, त्यातून दिसणाऱ्या दोन-चार आज्ञांची कमी आज्ञांत सोय होते का पाहावे, आणि होत असेल तर बदलावे. आजच्या पुष्कळ फोनांतील व संगणकांतील आज्ञावल्या एलएलव्हीएम नावाच्या ज्या कंपायलर-संचातून जातात त्याचा आरंभ २००० साली इलिनॉय विद्यापीठात झाला. आज्ञा जोडणे व सोप्या करणे एवढेच काम करणारा त्याचा एक स्वतंत्र विभाग आहे.

या विभागाचे नियम वाचताना बूल यांची पाने उलटल्याचा भास होतो. ‘क आणि क’ असे आले तर नुसते ‘क’ ठेवा. ‘क आणि क-नव्हे’ आले तर शून्य लिहा. ‘क-नव्हे अथवा ख-नव्हे’ आले तर डी मॉर्गन यांच्या नियमाने ‘क आणि ख नव्हे’ करा. तिहींच्या ठिकाणी दोन क्रिया. आधी ३ मिळवा मग ५ मिळवा अशा दोन आज्ञांची ८ मिळवा ही एकच आज्ञा होते. आठाने गुणा म्हटले तर द्विमान अंक तीन घरे डावीकडे सरकवितात, कारण गुणाकारापेक्षा सरकविणे स्वस्त. एक सोपे झाले की शेजारचे सोपे होण्याजोगे होते. म्हणून बदललेल्या आज्ञेच्या शेजारपाजारचे पुन्हा तपासतात, बदलण्यासारखे काही उरत नाही तोवर.

खरी कसोटी आहे ती अर्थ न बिघडविण्याची. आपल्या महाप्रसादाच्या उदाहरणात कुपन तपासणे आम्ही गाळून टाकले. पण स्वयंसेवक तपासताना कुपन फाडून पेटीत टाकीत असेल आणि रात्री आचाऱ्याचा हिशेब त्या तुकड्यांवरून होत असेल तर? पंगत ठीक बसेल, हिशेब चुकेल. कंपायलरला हीच खबरदारी घ्यावी लागते : जे तपासताना आणखी काही घडते ते तपासणे गाळता येत नाही. तसेच संख्येची दुप्पट करून निम्मी केली की मूळ संख्या यावी, हे शाळेत खरे. यंत्रात संख्येला घरे ठरावीक असतात, दुपटीत वरचे घर ओसंडून वाहून गेले तर निम्मे करून ते परत येत नाही. अपूर्णांकांची बेरीज क्रम बदलून केली तर शेवटचे अंक बदलू शकतात. म्हणून मुभा दिल्यावाचून कंपायलर तो क्रम हलवीत नाही.

आता तो बेरजेचा बारकावा. यंत्रातील संख्या शून्ये आणि एक यांच्या ओळीने लिहितात. ४ म्हणजे १००, ३ म्हणजे ०११. या दोहोंत एकाही घरात दोन्हीकडे १ नाही. म्हणून त्यांची बेरीज करा किंवा घरोघर ‘अथवा’ करा, उत्तर ७ च. उलट ५ आणि ३ घ्या : १०१ आणि ०११. शेवटच्या घरात दोन्हीकडे १ आहे. बेरीज ८ होते, ‘अथवा’ मात्र ७ च राहते. दोन संख्यांत सामाईक १ नाही याची खात्री पटली की एलएलव्हीएम बेरजेच्या जागी ‘अथवा’ लिहितो आणि दोन्ही बाजू सर्वस्वी वेगळ्या असल्याची खूण त्या आज्ञेवर करून ठेवतो, म्हणजे पुढे लागल्यास तिची पुन्हा बेरीज करता यावी. खात्री पटली नाही तर बेरीज बेरीजच राहते. जेव्हन्स यांच्या पत्रांना उत्तर देताना बूल यांनी जी अट सोडण्यास नकार दिला होता ती हीच.